अठरा रविवार, बेचाळीस रात्री

२१ फेब्रुवारी १९३२ हा रविवार होता. १९ जून १९३२ हाही रविवारच. मधले सगळे रविवार मी एका पाकिटाच्या पाठीवर मांडून पाहिले, तर बरोबर अठरा भरले. धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर दिलेली प्रवचनेही अठराच. म्हणजे एकाही रविवारी खाडा नाही. हा हिशेब मी करत होते तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि आईची कूस बदलायला अजून अर्धा तास होता.

असले हिशेब करायची वेळ माणसावर केव्हा येते? आपला स्वतःचा नेम मोडलेला असतो तेव्हा. दुसऱ्याचा कसा टिकला याची तेव्हा असूया वाटते आणि उत्सुकताही. हा लेख त्या उत्सुकतेतून लिहिला आहे. आयुष्याची घडी विस्कटली की लिहिण्याचा नेम कसा राखायचा, हा प्रश्न एरवी सल्ल्याचा मानला जातो. पहाटे उठा, रोज इतके शब्द लिहा, दार लावून घ्या, हे आपण सगळ्यांनी ऐकलेले आहे. मला तो वाङ्मयीन प्रश्न वाटतो. नेम कसा होता, यावर पुस्तकाचा घाट कसा होतो हे बरेचसे ठरते. मराठीत त्याचे ठळक पुरावे आहेत आणि त्यांतले दोन माझ्या माहेरच्या मुलखातल्या एकाच माणसाच्या हातून कागदावर उतरले आहेत.

आधी माझ्याबद्दल चार ओळी. मी मूळची धुळ्याची. गेली अकरा वर्षे झिरकपूरला राहते. चंदीगडच्या वेशीवरचे हे गाव. अंबाल्याहून येणारा, पतियाळ्याला जाणारा आणि पंचकुल्यावरून कालका-सिमल्याकडे चढणारा, असे रस्ते इथे एकमेकांना भेटतात. चंदीगड जितके आखीव, तितके हे गाव आपल्या मनाने वाढलेले. आठव्या मजल्यावरच्या घरात खिडकीशी माझे टेबल आहे. हिंदी आणि पंजाबीतून मराठीत अनुवाद करणे हे माझे काम. पहाटे पाच ते सात ही माझी वेळ, रोजची दोन पाने हा माझा शिरस्ता. त्याचा मला थोडा गर्वही होता.

सप्टेंबर २०२४ मध्ये धुळ्याला आईला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणे जवळजवळ गेले. डिसेंबरात तिला इथे आणले. त्यानंतर पाच ते सात ही वेळ औषधांची, अंग पुसण्याची, चादरी बदलण्याची झाली. एका पंजाबी कादंबरीचा अनुवाद चौसष्टाव्या पानावर थांबला. सुरुवातीला मी वेळ हलवून पाहिली. दुपारी बसले, रात्री अकराला बसले. पण हलवलेली वेळही दुसऱ्या दिवशी जागेवर सापडत नसे. मोडलेला नेम पुन्हा बसवायची धडपड हेच एक नवे काम होऊन बसले, आणि त्यात कामाइतकाच जीव जाऊ लागला. मार्चमध्ये मी ती वही टेबलाच्या खणात ठेवून दिली.

*

विस्कटलेल्या आयुष्यातले लेखन म्हटले की मराठी वाचकाला पहिल्यांदा तुरुंग आठवतो. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. मंडालेला १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी ‘गीतारहस्य’ पेन्सिलीने लिहून काढले. १९१५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. विनोबांची प्रवचने १९३२ ची, धुळ्याची. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ मुख्यतः नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारी १९३३ मध्ये लिहिली गेली. शाळेपासून हे आपल्याला धैर्याची उदाहरणे म्हणून सांगितले जाते, आणि ती तशी आहेतही.

पण रात्रपाळीतल्या माझ्यासारख्या वाचकाला त्यात दुसरेही काही दिसू लागते. तुरुंग आयुष्य मोडतो खरा, पण त्याबरोबर एक दिनक्रम हातात देतो. तो लादलेला असतो, हालाचा असतो, तरी असतो. घंटा ठरलेली, जेवण ठरलेले, दिवा ठरलेला. मंडालेत टिळकांना स्वयंपाकासाठी एक कैदी दिलेला होता. पुस्तके मागवता येत होती. मधुमेह, उकाडा, एकांत आणि त्यातच पत्नीच्या निधनाची बातमी, हे सारे त्यांनी सोसले. त्यांच्या मोठेपणाला उणेपणा आणायचा माझा हेतू नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की लेखनाला लागणारी एक गोष्ट, म्हणजे उद्याचा दिवस आजच्यासारखाच असेल याची खात्री, ती तिथे होती. आजारी माणसाच्या घरात तीच नसते. म्हणून तुरुंगातल्या लेखनाचे दाखले घरात अडकलेल्या लेखकाला थेट उपयोगी पडत नाहीत. त्यांतले काय उचलता येते, हे वेगळे काढून पाहावे लागते.

धुळ्याच्या प्रवचनांतून काय उचलता येते? विनोबांचीच आदली एक कृती शेजारी ठेवली की ते नीट दिसते. ‘गीताई’ हा गीतेचा समश्लोकी अनुवाद त्यांनी ७ ऑक्टोबर १९३० ला सुरू केला आणि ६ फेब्रुवारी १९३१ ला पुरा केला. सातशे श्लोक, एकशेतेवीस दिवसांच्या आसपास. दिवसाला सरासरी सहा श्लोकही होत नाहीत. अनुवादकाला ही गती ओळखीची वाटेल. शब्द घासूनपुसून घेणाऱ्या माणसाची ती गती आहे. त्या कामामागे आईची इच्छा होती. संस्कृत गीता कळत नाही, मराठी आणून दिलेली पेलत नाही, मग तूच का करत नाहीस, असे तिने विचारले होते. अनुवाद हाती घेतला तेव्हा तिला जाऊन बारा वर्षे झाली होती. म्हणजे ‘गीताई’चा श्रोता मनातला होता. त्या रचनेला दार लावलेल्या खोलीची घट्ट शांतता आहे.

‘गीता प्रवचने’चा श्रोता समोर बसलेला आहे. दर रविवारी तेच कैदी येतात, आणि मधल्या सहा दिवसांत ते बरेचसे विसरलेले असणार, हे बोलणाऱ्याने गृहीत धरले आहे. म्हणून बोलणे पुन्हा पुन्हा मागच्या वेळच्या धाग्यापासून सुरू होते. म्हणून दृष्टान्त घरातले, शेतातले, रोजच्या कामातले. विचार पुढे सरकतो तो एका बैठकीत मावेल एवढाच. या पुस्तकाची लोकप्रियता सोप्या भाषेच्या खात्यावर टाकली जाते. मला वाटते तिचे मूळ त्या आठवड्याच्या मापात आहे. सहा दिवसांच्या खंडानंतर ऐकणाऱ्याला जिथे सोडले तिथूनच पुन्हा हाताला धरावे लागते, आणि वाचकही असाच खंडाखंडाने वाचत असतो. त्याच्या आयुष्यातही सहा दिवस गडबडीचे असतात. पुस्तकाने ती गडबड आधीच हिशेबात धरली आहे.

आणि दुसरी गोष्ट, जी मला अधिक मोलाची वाटते. हे पुस्तक विनोबांनी लिहिलेलेच नाही. समोर बसून साने गुरुजींनी ते टिपून घेतले. नेम दोघांत वाटलेला होता. एकाने दर रविवारी बोलायचे, दुसऱ्याने उतरवून घ्यायचे. ज्याचा नेम दुसऱ्या कुणाच्या तरी येण्यावर टांगलेला असतो त्याला तो मोडणे अवघड जाते. आपल्याला एकट्यालाच ठाऊक असलेला शिरस्ता मात्र कुणाला न कळता मोडतो. माझा तसाच मोडला होता.

*

त्या अठरा रविवारांनंतर आठ महिन्यांनी टिपून घेणारा स्वतः सांगू लागला. ९ फेब्रुवारी १९३३, गुरुवारी ‘श्यामची आई’ लिहायला सुरुवात झाली आणि १३ फेब्रुवारीला, सोमवारी पहाटे, तुरुंगातला भाग संपला. पाच दिवस. थोडा मजकूर बाहेर आल्यावर लिहिला गेला, पण पुस्तकाचा मोठा भाग त्या पाच दिवसांतला.

आता पुस्तकाची रचना पाहा. त्यात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. रात्र पहिली, रात्र दुसरी, अशा बेचाळीस. आश्रमात संध्याकाळची प्रार्थना होते, गोविंदा, भिका, राम ही मंडळी जमतात, गावातलेही कुणी येऊन बसते, आणि श्याम आईची एक आठवण सांगतो. एका रात्रीला एकच. पुष्कळ रात्रींच्या सुरुवातीला बाहेरच्या आभाळाची किंवा जमलेल्या माणसांची दखल आहे, आणि आठवण संपली की मंडळी आपापल्या घोंगडीकडे वळतात.

ज्या माणसाने पाच दिवसांत झपाटल्यासारखे लिहिले, त्याने पुस्तकात मात्र बेचाळीस संध्याकाळींचा संथ नेम रचला. समीक्षेने या विसंगतीकडे फारसे पाहिलेले नाही. तिचे सगळे लक्ष अश्रूंकडे असते, बाजूने असो वा विरुद्ध. मला या विसंगतीत पुस्तकाची सगळी कारागिरी दिसते. लेखकापाशी नेम नव्हता. पुढचा दिवस कसा उजाडेल हे त्याच्या हातात नव्हते. तेव्हा त्याने नेम पुस्तकाच्या आत ठेवून दिला. वाचकाने तो तिथून घ्यावा. आणि वाचकांनी तो घेतलाही. कितीतरी मराठी घरांत हे पुस्तक रोज रात्री एक, असेच वाचले गेले. आमच्या घरी आई वाचायची आणि आम्ही दोघी बहिणी गोधडीत.

आदल्या वर्षीच्या अठरा रविवारांचा यावर संस्कार होता का? तसे कुणी लिहून ठेवल्याचे माझ्या वाचनात नाही, हा माझा तर्क आहे. पण आकृती इतकी जुळते की तो तर्क सोडवत नाही. एक सांगणारा, ठरलेले ऐकणारे, प्रार्थनेसारखी ठरलेली वेळ, एका बैठकीला एक घास. रविवारांच्या जागी रात्री आल्या आणि गीतेच्या जागी आई आली.

दोषही त्याच जागी आहेत आणि ते सांगितले पाहिजेत. पाच दिवसांच्या वेगात माणूस मागे वळून पाहत नाही. एकच भाव चार वेळा येतो. उपदेश, आठवण पुरी व्हायच्या आत तोंड उघडतो. रात्रीची चौकट काही ठिकाणी निव्वळ उपचार होते. ‘गीताई’ची घासणी इथे नाही. ज्याला घासलेला शब्द हवा त्याला हा नेम पुरणार नाही, हे मला मान्य आहे. मी स्वतः त्या घासणाऱ्यांच्या पंथातली आहे, म्हणून हे सहज म्हणत नाही.

*

तुरुंगाबाहेर, घरात, हा प्रश्न मराठीत कुणी सोडवला? ज्यांना लेखक म्हणायची पद्धत नव्हती त्यांनी. जात्यावरच्या ओवीकडे आपण लोकसाहित्य म्हणून पाहतो. मी तिच्याकडे नेमाचा नमुना म्हणून पाहते. पहाटेचे दळण चुकत नाही. पोर तापलेले असो, नवरा रागावलेला असो, दुष्काळ असो वा सण असो, पीठ लागतेच. ओवी त्या न चुकणाऱ्या कामाला बांधलेली आहे. जात्यात मूठभर दाणे वैरायचे, खुंटा फिरवायचा, आणि दोन ओळीत एक गोष्ट पुरी करायची. मूल रडले तर तिथे थांबता येते. पुन्हा बसले की नवी ओवी, मागचे काही अडलेले नसते. समोर दुसरी बाई खुंट्याला हात लावून बसलेली असेल तर ती पुढची ओवी देते. लेखनासाठी वेगळा वेळ काढणे ही कल्पनाच इथे नाही. खंड पडणार हे धरूनच तो घाट घडलेला आहे.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर गावोगाव फिरून अशा लाखावर ओव्या जमवल्या. तो संग्रह चाळताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले, आणि नवी ओवी सुचणे आटले. बायांना वेळ मिळाला, कष्ट वाचले. ते कष्ट परत यावेत असे कुणी म्हणू नये. पण मोकळा वेळ मिळाला की निर्मिती आपोआप वाढते, या आपल्या समजुतीला हे उदाहरण छेद देते. वेळ आला, पण ज्या कामाला गाणे टेकले होते ते गेले.

आमच्या खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींचेही तेच. शेत, चूल, जाते, आणि लवकर आलेले वैधव्य. त्या बोलत, गात. मुलगा सोपानदेव आणि एक नातलग उतरवून घेत. १९५१ च्या डिसेंबरात त्या गेल्या आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह कविता छापून आल्या. इथेही एक बोलणारी आणि एक उतरवून घेणारा आहेच. धुळ्याचा तुरुंग आणि जळगावजवळचे आसोदे यांत फार अंतर नाही, पण आपल्या वाङ्मयेतिहासात ही दोन प्रकरणे फार लांब पडतात. एक ‘तुरुंगातील साहित्य’, दुसरे ‘उत्स्फूर्त प्रतिभा’. बहिणाबाईंच्या रचनेमागे टिळकांच्या इतकाच कडक दिनक्रम होता, हे म्हणायला आपली जीभ वळत नाही. कारण तो चुलीचा होता.

लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण याहून वेगळे आहे. रेव्हरंड टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ सुरुवातीच्या काही अध्यायांवर थांबलेले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे साठाहून अधिक अध्याय रचले. नवऱ्याचा मोडलेला नेम बायकोने हातात घेतला, आणि त्याच्याच मापात पुढे नेला. ‘स्मृतिचित्रे’ची थोरवी गाताना आपण हे काम तळटीपेत टाकतो. मला आता ते मुख्य मजकुरात आणावेसे वाटते.

*

८ मे २०२५ ची रात्र. सीमेवर लढाई पेटली होती. आदल्या संध्याकाळी चंदीगडला दहा मिनिटांच्या अंधाराची तालीम झाली होती. त्या रात्री तो खरा झाला. भोंगे वाजले आणि चंदीगड, मोहाली आणि आमचा हा पट्टा काळोखात गेला. विमानतळ आमच्यापासून लांब नाही. सोसायटीच्या गटावर निरोप आला, मोबाइलचा दिवाही नको. आईला खिडकीपासून दूर, मधल्या खोलीत आणले. शेजारच्या बीजी भिंतीला धरत धरत आल्या. ऐंशीच्या घरातल्या, सत्तेचाळीसमध्ये आईच्या कडेवर पलीकडून आलेल्या. पासष्ट आणि एकाहत्तरचे अंधार त्यांनी पाहिलेले, त्यामुळे आमच्यात सगळ्यांत शांत त्याच होत्या. आई मात्र घाबरली होती. तिला भोंगा कळत होता, पण विचारता येत नव्हते.

त्या अंधारात मी ‘अळणी भाजी’ सांगायला लागले. का तीच, हे मला सांगता येणार नाही. आईने ती आम्हाला सगळ्यांत जास्त वेळा वाचून दाखवली होती, एवढेच. बीजींसाठी हिंदीत, मधे मधे माझ्या मोडक्या पंजाबीत. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील एक शब्द न बोलता, चांगली झाली आहे म्हणत जेवतात. आई शेवटी जेवायला बसते तेव्हा तिला कळते. ‘अळणी’शी मी अडखळले. हिंदीतला ‘फीका’ साखर नसल्यालाही चालतो. मी ‘बिना नमक की’ म्हणाले आणि वाक्य लगेच स्वयंपाकाच्या पुस्तकातले झाले. अंधारातून बीजी म्हणाल्या, “अलूणी, पुत्तर. अलूणी सब्जी.”

अळणी, अलूणी. दोन्ही ‘अलवण’चीच लेकरे. गुरु ग्रंथ साहिबात सत्ता आणि बलवंड यांच्या वारेत हा शब्द आहे, हे मी नंतर पाहिले. वीस वर्षे मी शब्दकोश घेऊन टेबलाशी बसत आले. तिथे मला तो एक दिवस सापडलाही असता. पण माझ्या कामाची दिशाच पंजाबीतून मराठीकडे अशी होती, उलट जाण्याचे कारणच आले नव्हते.

आणखी एक झाले. वडिलांनी जेवताना काय म्हटले ते मी जरा वाढवून सांगितले, तेव्हा आईने माझा हात दोनदा दाबला. डावा हात, तोच चालतो. चूक झाली की ती असे करते, औषधाच्या वेळीही. मी वाक्य मागे घेऊन पुन्हा सांगितले.

लढाई १० मेला थांबली. दिवे आले. ११ तारखेला संध्याकाळी सातच्या सुमारास बीजी दारात उभ्या. “अज्ज केहड़ी रात?” आज कुठली रात्र?

तेव्हापासून हे चालू आहे. रोज नाही. आईला ताप आला की नाही, बीजी मुलाकडे लुधियान्याला गेल्या की नाही. पण खाडा झाला तरी नेम मोडत नाही, हे मला या वयात कळले. कारण परत आले की दारात विचारणारे कुणीतरी असते. आज हा लेख लिहिताना एकोणतीस रात्री सांगून झाल्या आहेत. त्यांतल्या एकोणीस मी दुसऱ्या दिवशी, आईचा व्यायाम घेणारी मुलगी येते त्या चाळीस मिनिटांत, हिंदीत उतरवल्या आहेत. ‘पत्रावळ’ला ‘पत्तल’ सहज मिळाला, तो मीच दिला. ‘मुकी फुले’ अजून मुकीच आहेत.

या मजकुराबद्दल मला भ्रम नाही. तो अजून अनुवाद नाही, अनुवादाचा कच्चा माल आहे. बोलण्यातले लोंबते धागे त्यात आहेत. साने गुरुजींच्या वाक्याची जी भाबडी लय आहे, ती हिंदीत गेली की कधी कधी निव्वळ गोड होते. ते सारे घासायला मला टेबल लागेल, दार लागेल, सलग तास लागतील. ते मिळतील तेव्हा मिळतील. वाटलेला नेम हा एकांताला पर्याय आहे, असे मी म्हणणार नाही. एकांत नसताना काम जिवंत ठेवण्याची ती एक रीत आहे, आणि मराठीत ती जुनी आहे.

*

आपल्या भाषेत ‘खंड’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. खंड पडणे म्हणजे तुटणे. आणि पहिला खंड, दुसरा खंड म्हणजे ग्रंथाचे भाग. पूर्वी मला ही नुसती गंमत वाटायची. आता वाटते की तुटलेल्या जागीच भाग पाडून घ्यायचा, असा काहीसा व्यवहार त्यामागे असावा.

इथून घुमान दोनशे किलोमीटरच्या आसपास असेल. नामदेवांनी आयुष्याची अखेरची वर्षे तिथे काढली अशी पंजाबची श्रद्धा आहे. त्यांची एकसष्ट पदे गुरु ग्रंथ साहिबात आहेत. २०१५ च्या एप्रिलमध्ये अठ्ठ्याऐंशीवे मराठी साहित्य संमेलन तिथे भरले, तेव्हा मीही गेले होते. गर्दी, पुस्तके, लंगर, सगळे पाहिले. नामदेवांनी शतकोटी अभंगांचा संकल्प केला होता, ही कथा तिथल्या भाषणांतून पुन्हा पुन्हा ऐकली. संकल्प पुरा झाला नाही. तीनेकशे वर्षांनी ते विठ्ठलाला घेऊन तुकारामांच्या स्वप्नात आले आणि उरलेले तू कर म्हणाले, असे तुकारामांनीच सांगितले आहे.

त्या वेळी मला ही कथा अतिशयोक्तीची वाटली होती. शतकोटी ही काय मोजायची संख्या आहे? आता वाटते, एका आयुष्यात पुरी होणार नाही अशीच ती मुद्दाम ठेवली असेल. ‘नेम’ म्हणजे व्रत, आणि ‘नेम’ म्हणजे लक्ष्यही. हात थकला की दुसऱ्याने धनुष्य घ्यावे, नेम तोच. मोडण्याची लाज त्या कथेत कुठेच नाही. उरलेले कुणाला द्यायचे, एवढाच प्रश्न आहे.

पंजाबी कादंबरीची वही अजून खणातच आहे, चौसष्टाव्या पानावर. प्रकाशकांनी मुदत वाढवून दिली आहे. मी ती मुदत पाळीन की नाही, आज सांगता येत नाही. आता साडेसहा झाले. आईला उठवून बसवायचे, उजव्या हाताखाली उशी द्यायची, चहा ठेवायचा. आज तिसावी रात्र. गेल्या वेळी कुठे थांबलो होतो हे बीजी विसरलेल्या असतील, तेव्हा मागच्या धाग्यापासून सुरू करावे लागेल.